एवढासा ‘क्के’

किताजिमाने बूट काढून त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवली, मोजपट्टी कमरेला अडकवली आणि पायरी चढून तो आत आला. तातामी चटया बसवणाऱ्या माणसाची नजर आधी जमिनीवर जाते, तशी त्याचीही गेली. मोठ्या खोलीत उकिडवा बसून त्याने चटईवरून तळहात फिरवला, कडेची कापडी पट्टी नखाने उचकटून पाहिली.

“उन्हाने पिवळ्या पडल्यात, पण आतून धड आहेत,” तो म्हणाला. “नुसतं वरचं गवत बदललं तरी भागेल.”

“भागेल ते करा,” फुसाए म्हणाली. “नव्या वर्षाला लेक यायचीय नागोयाहून, सासरच्यांना घेऊन. घर जरा घरासारखं दिसू दे म्हणजे झालं.”

मापं घेऊन झाली. हाताला लागलेली धूळ बघत तो उठला.

“हात धुऊन घेतो जरा. न्हाणीघर डावीकडे, निळ्या टाइल्सचं... होतं ना बरं?”

उत्तराची वाट न बघता तो डावीकडे वळला. पाण्याचा आवाज आला, थांबला. परत येऊन त्याने चटया न्यायचा दिवस ठरवला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि आपला छोटा ट्रक घेऊन निघून गेला. चहाच्या मळ्यांमागच्या वळणावर ट्रक दिसेनासा झाला तरी फुसाए दारातच उभी होती. मग ती न्हाणीघरापर्यंत गेली. त्याचं दार बंद होतं. बोळातून आतली एकही टाइल दिसत नव्हती.

त्याने म्हटलं होतं ते एवढंसंच. वाक्याच्या शेपटाला लावलेला एक ‘क्के’, जपानीतला ‘ना बरं’. बोलता बोलता जीभ तो सहज लावून जाते, लिहिताना सहसा कोणी लिहीत नाही. पण त्यात एक कबुली असते, की हे मला ठाऊक होतं, आत्ता निसटलंय. परक्या घरात पहिल्यांदा आलेला माणूस ‘न्हाणीघर कुठे आहे’ असं विचारतो. ‘होतं क्के’ म्हणत नाही. जे कधी माहीतच नव्हतं, ते आठवणार कुठून?

आणि फोनवर तर हाच माणूस म्हणाला होता, की म्हाताऱ्या तातामीवाल्याने दुकान बंद केलं म्हणून त्याची गिऱ्हाइकं मी घेतलीत, तुमच्या गावात माझं हे पहिलंच काम.

समोरच्या रस्त्याला तोकिकोचं केस कापायचं दुकान होतं. तोकिको आणि फुसाए एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या, त्यामुळे एकमेकींचं काही राखून ठेवायची दोघींना सवय नव्हती. फुसाए खुर्चीत बसली आणि गळ्याभोवती कापड बांधून होताच तिने सगळं सांगितलं.

“बस, एवढंच?” तोकिकोने कात्री हवेतच वाजवली. “एका ‘क्के’वरून तू त्याला चोर ठरवलंस?”

“चोर म्हटलं नाही मी.”

“अगं, हल्ली पोरं जिथे तिथे लावतात तो. परवा हॉटेलातली मुलगी मला विचारते, ‘आपली गरम कॉफी होती क्के?’ आता ती काय माझी कॉफी गेल्या जन्मापासून ओळखत होती? नीट ऐकलं नव्हतं, म्हणून खात्री करून घेत होती बिचारी.”

“तिने तुझं ऐकलं तरी होतं. याने कोणाचं ऐकलं?”

“टाइल्स बसवणाऱ्याचं. एकाच धंद्यातली माणसं.”

“तो जाऊन वर्षं झाली. आणि हा हमामात्सुकडचा.”

तोकिकोने थोडे केस कापले. आरशात तिची नजर फुसाएच्या नजरेला भिडली आणि बाजूला झाली.

“किती वयाचा आहे गं?”

“चाळिशीचा असेल.”

“दिसायला?”

“माणसासारखा.”

“तसं नाही,” तोकिको हळू आवाजात म्हणाली. “कोणासारखा?”

हा प्रश्न फुसाएने स्वतःला न्हाणीघराच्या बंद दारापाशीच विचारला होता.

फुसाए या घरातली पहिली सून नव्हती. तिच्या आधी यासुयो नावाची एक बाई इथे सहा वर्षं नांदून गेली होती. मूल होईना म्हणून सासूने तिला माहेरी पाठवलं, असं गावात बोलत. घरात तिचं नाव कोणी काढत नसे. फुसाए लग्न होऊन आली तेव्हा कपाटाच्या खणात तिला एक केसांचा चाप सापडला होता. तो तिने सासूच्या हातात नेऊन दिला. सासूने, तोमेबाईंनी, तो कमरपट्ट्यात खोचला. त्यानंतर तो चाप फुसाएला कधी दिसला नाही.

नवरा, ताइजो, जाऊन सहा वर्षं झाली होती. तो चहा पिकवायचा, कमी बोलायचा, आणि महिन्यातून एकदा चहा-संघाच्या बैठकीला शहरात जायचा. परतताना थोडी घेतलेली असायची आणि ओठांत काहीतरी गुणगुणत यायचा. इतक्या वर्षांत फुसाएला त्या गुणगुणण्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र ते तिच्या कानात परत सुरू झालं. बैठका इतक्या लांबायच्या? चहावर बोलायला असतं तरी काय एवढं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने देवघरातल्या त्याच्या फोटोपुढे रोजच्यासारखी भाताची वाटी ठेवली. घंटी मात्र वाजवली नाही.

चटया न्यायला किताजिमा तिसऱ्या दिवशी सकाळीच आला. आकडा घालून एकेक चटई उचलायची, मागे खडूने खूण करायची, ट्रकवर रचायची, असं त्याचं चाललं होतं. फुसाए त्याच्या मानेकडे बघत होती. कानांकडे. ताइजोचे कान जरा बाहेर आलेले होते. याचेही होते का? टोपीमुळे कळत नव्हतं.

“चहा घ्या,” ती म्हणाली. “टोपी काढा की, घाम आलाय.”

त्याने टोपी काढली. कान कानांसारखे होते. बघावं तसे दिसत होते.

ओसरीच्या कडेला बसून त्याने चहाचा घोट घेतला आणि मागच्या अंगणाकडे पाहिलं. तिथे आता नुसतं गवत आणि वाळत घालायच्या काठ्या होत्या. फुसाएने हीच वेळ धरली.

“पूर्वी छान सावली होती इथे,” ती म्हणाली. “चेरीचं झाड होतं. वादळात गेलं.”

“चेरीचं?” त्याने कप खाली घेतला. “डाळिंबाचं होतं ना बर...”

शेवटचं अक्षर त्याने गिळलं, पण उशीर झाला होता. फुसाएने बशीतला गोड वडीचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

“डाळिंबाचंच,” ती म्हणाली. “म्हातारी झाले, चुकते मी. तुमचं जन्मवर्ष कुठल्या प्राण्याचं हो?”

“घोड्याचं.”

“अस्सं. माझी लेक मेंढीच्या वर्षातली. तुमच्याहून एका वर्षाने धाकटी.”

“हो का?” तो म्हणाला, आणि वडी न खाताच उठला. “संध्याकाळी आणून बसवतो चटया.”

ट्रक गेला. उघड्या पडलेल्या फळ्यांवरून फुसाए घरभर फिरली. पायांखाली फळ्या करकरत होत्या. घोड्याचं वर्ष. म्हणजे यासुयो या घरातून गेली त्यानंतरचं. पण फुसाए आली त्याच्याही नंतरचं. त्या वर्षी दर महिन्याला सासू तिच्या तोंडाकडे बघायची आणि काही न विचारता नजर वळवायची, ते वर्ष. ती ज्या वर्षी मुलाची वाट बघत होती, त्याच वर्षी दुसरीकडे कुठेतरी हा जन्मला होता. आणि याला तिच्या अंगणातलं झाड माहीत होतं, तिचं न्हाणीघर माहीत होतं. ते न्हाणीघर तर यासुयोच्या वेळचं नव्हतंच. सासूचे गुडघे धरले, उंच लाकडी हौदात तिला पाय टाकवेना, तेव्हा फुसाएने हट्ट धरून ते बांधून घेतलं होतं. टाइल्सचा रंगही तिनेच निवडला होता. ‘मासळीबाजार केलास माझ्या घराचा,’ असं सासू महिनाभर म्हणत होती.

म्हणजे या घरातलं कोणीतरी तिकडे, यासुयोकडे, जात होतं आणि इथलं सगळं सांगत होतं. आणि घरात महिन्याच्या महिन्याला शहरात जाणारा माणूस एकच होता.

तिने लेकीला फोन लावला. लेकीने उचलला तेव्हा मात्र ‘नव्या वर्षाला तांदळाच्या मोची-वड्या किती करू’ एवढंच विचारलं आणि ठेवून दिला.

उन्हं कलली तेव्हा ट्रक परत आला. किताजिमाने एकेक चटई आणून गुडघ्याने दाबत जागच्या जागी बसवली. ओल्या, हिरव्या गवताचा वास घरभर पसरला. शेवटची चटई बसली आणि तो हात झटकत उभा राहिला, तेव्हा फुसाए मधल्या दाराशी उभी होती. तिने ते दार सरकवून लावून घेतलेलं होतं.

“तुम्ही ताइजोचे कोण?”

तो तिच्याकडे बघत राहिला. “ताइजो-सान म्हणजे...”

“माझा नवरा. त्या फोटोतला. माहीत नसल्यासारखं करू नका. मला डोळे आहेत, कानही आहेत. टाइल्स निळ्या आहेत ते तुम्हाला ठाऊक, झाड डाळिंबाचं ते ठाऊक. तुमची आई यासुयो, हो की नाही?”

“हो,” तो म्हणाला. त्याने टोपी काढून हातात घेतली. “हो, यासुयोच. पण तुमच्या यजमानांना मी आयुष्यात कधी पाहिलं नाही, सुगिउरा-सान. आईनेही नसेल पाहिलं, इथून गेल्यावर. माझे वडील रेल्वेत होते. त्यांचं नाव किताजिमाच.”

“मग हे घर तुम्हाला कोणी दाखवलं?”

“मी आजच्या आधी हे घर पाहिलेलं नाही. म्हणजे परवाच्या आधी.” तो गोंधळला, टोपीची कड बोटांनी फिरवू लागला. “मला वाटायचं, पाहिलंय. इतकं ऐकलंय. इथे शिरलो आणि वाटलं, अरे हो, असंच तर होतं. तोंडातून निघून गेलं. आजी सांगायच्या ना.”

“कोणाची आजी?”

“आमच्या कोणी नव्हत्या. मी आजी म्हणायचो. गाडीने यायच्या म्हणून गाडीची आजी. तोमे-सान.”

फुसाए नव्या चटईवर खाली बसली, आणि बसताना तिने हात टेकला.

महिन्यातून एकदा सासू देवळात जायची, पूजेला. फुसाए पहाटे उठून डबा करून द्यायची. देवळातल्या मैत्रिणीला लागतं म्हणून जास्तीचा. संध्याकाळी रिकामा, धुतलेला डबा परत यायचा. देवळात डबा कोण धुतं, असं फुसाएच्या मनात कधी आलंच नव्हतं.

“मी जन्मलो ते त्यांना कुठूनतरी कळलं,” किताजिमा म्हणाला. तोही खाली बसला, जरा लांब. “आई सांगते, पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या उंबऱ्यातच बसून राहिल्या. आत येईनात. आईने चहा उंबऱ्यात नेऊन दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या. मग येतच राहिल्या. एकदाच काहीतरी म्हणाल्या असतील माफीबिफीचं, त्यानंतर कधी तो विषय नाही. डबा उघडायच्या. अंड्याची गुंडाळी गोड असायची. आमच्या घरी खारट करायचे, म्हणून मी त्यांची वाट बघायचो.”

“मीच करायचे ती,” फुसाए म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“माहितीये. त्या सांगायच्या.”

“काय सांगायच्या?”

तो विचारात पडला. “की नवी सून हट्टी आहे. माझं एक ऐकत नाही. मी नको म्हटलं तरी न्हाणीघर बांधलं, निळंशार. आता गुडघे दुखत नाहीत म्हणून सांगायचीही चोरी, लगेच शेफारेल.” तो किंचित हसला. मग हसणं थांबलं. “आणि म्हणायच्या, बरं आहे ऐकत नाही ते. जिने माझं सगळं ऐकलं, तिला मी घालवून बसले. हे आईसमोर म्हणायच्या. आई उठून चहा टाकायला जायची.”

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. फुसाए चटईच्या गवताची एक काडी दाबून दाबून सरळ करत होती. ती काडी आधीच सरळ होती.

“मग आल्या दिवशी सांगायचं नाही का?” ती शेवटी म्हणाली. “मी नको नको तो संशय घेत बसले. गेलेल्या माणसावर.”

“सांगणार होतो. जमलं नाही. आई आता वृद्धाश्रमात आहे, काकेगावात. तिला कालचं आठवत नाही. पण हे घर विचारते. झाड आहे का, न्हाणीघर कसं आहे. सुगिउरा हे तुमचं नाव गिऱ्हाइकांत बघितलं आणि वाटलं, एकदा बघून येऊ, म्हणजे तिला खरं काय ते सांगता येईल.” तो उठला. “चुकलंच माझं. माफ करा.”

तो बूट घालत असताना फुसाए पायरीपर्यंत आली.

“कधी जाता तुम्ही आईकडे?”

“रविवारी.”

“मला घ्यायला या,” ती म्हणाली. आणि तो वर बघू लागला तसं तिने घाईने पुढे जोडलं, “बसने जायला फार बदलाबदली करावी लागते.”

रविवारी तोकिकोने तिचे केस बांधून दिले. घट्ट, मागे, अंबाडा. “कोणाच्या घरी निघालीस नटून?” असं तिने विचारलं, आणि फुसाएने जे सांगितलं ते ऐकून तोकिको नुसती कंगवा पुसत बसली. निघताना फुसाएने देवघरात डोकावून घंटी वाजवली. जरा जोरातच.

वृद्धाश्रमाच्या खोलीत खिडकीपाशी एक बारीकशी बाई शाल पांघरून बसली होती. फुसाएने इतकी वर्षं यासुयो मनात धरली होती ती उंच, गोरी, काहीशी तोऱ्यातली. ही तर तिच्या खांद्याला लागली असती. पायांत लोकरीचे मोजे होते, त्यातला एक उलटा घातलेला.

“आई, ह्या आल्यात बघ,” किताजिमा म्हणाला. “मी सांगितलं होतं ना, सुगिउ...”

यासुयोने मान वळवली. फुसाएच्या अंबाड्याकडे, राखाडी किमोनोकडे, पुढे जोडलेल्या हातांकडे ती बघत राहिली, आणि तिचा चेहरा उजळला.

“आई, आलात? केवढा उशीर आज. गाडी चुकली का?”

किताजिमा पुढे झाला. “आई, त्या नव्हेत ह्या, ह्या...”

फुसाएने त्याच्या बाहीला हात लावला. तो थांबला. ती पुढे गेली आणि यासुयोच्या समोरच्या खुर्चीत बसली, गुडघ्यांवर हात टेकवत, जरा कण्हत. गुडघ्यांचं खोटं नव्हतं, त्यांनी तिलाही आताशा त्रास द्यायला सुरुवात केली होती.

“चुकली,” ती म्हणाली. “पुढच्या गाडीने आले.”

“गुडघे कसे आहेत?”

“बरे आहेत. न्हाणीघर झाल्यापासून बरे आहेत.”

“तिला सांगितलंत का तसं?”

“नाही,” फुसाए म्हणाली. “शेफारेल.”

यासुयो हसली. दातांवर हात धरून, मुलीसारखी. मग ती पुढे झुकली, आणि जे बोलायचं ते पोराच्या कानावर जायला नको असल्यासारखा तिने आवाज बारीक केला.

“तिला घालवू नका हं, आई.”

खिडकीबाहेर कोणीतरी पाला झाडत होतं. किताजिमा भिंतीकडे तोंड करून उभा होता. फुसाएने शालीचं घसरलेलं टोक यासुयोच्या खांद्यावर ओढून दिलं.

“नाही घालवत,” ती म्हणाली.

“हो. नका घालवू.” यासुयो मागे टेकली आणि कपाळाला आठ्या घालून काही शोधू लागली. “नाव काय होतं बरं तिचं? तुम्ही सांगितलं होतंत मला. कितीदा तरी सांगितलं होतंत.”

फुसाएने ओठ उघडले. स्वतःचं नाव तिने आजवर दुसऱ्या कोणाचं म्हणून कधी उच्चारलं नव्हतं.

“फुसाए,” ती म्हणाली.

“हां, फुसाए-सान,” यासुयो म्हणाली, आणि समाधानाने डोळे मिटले.